रिकाम्या पत्त्यावरचं उत्तर

मिरजेच्या त्या इस्पितळातलं शेवटचं चालू मशीन २०३९च्या मे महिन्यात बंद पडलं, आणि जून संपता संपता शरयू नाडगौडाचा उजवा हात पुन्हा थरथरू लागला. दोन्हींचा संबंध सरळ होता. तेरा वर्षांपूर्वी शरयूच्या मेंदूत खोलवर दोन बारीक तारा बसवल्या होत्या. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी एक डबी होती. ती तारांमधून सेकंदाला शंभरावर सूक्ष्म झटके पाठवायची आणि कंपवाताला आवरून धरायची. पण मेंदू काही एका जागी थांबत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी झटक्यांचं प्रमाण नव्यानं जुळवावं लागे, आणि ते जुळवणारा प्रोग्रॅम फक्त त्या मशीनवर चालत असे.

प्रोग्रॅम शहाण्णव साली लिहिलेला होता, त्या काळच्या वर्कस्टेशनसाठी, म्हणजे भारी संगणकासाठी. पुढे डब्या बदलल्या, तारा बदलल्या; पण प्रोग्रॅमला हात लावला तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतील, म्हणून 'सुषुम्ना उपकरणे' नावाच्या त्या कंपनीनं शेवटपर्यंत त्याला हात लावला नाही. भंगारवाल्यांकडून जुनी वर्कस्टेशनं शोधून आणायची, पुसून चालवायची, असं करत करत चौतीस साली कंपनीच बंद झाली. डोकं पुन्हा उघडून नवी डबी-तारा बसवाव्यात, तर शरयूच्या हृदयाकडे बघून भूल देणारे डॉक्टर नाही म्हणाले.

डॉ. समीना मुजावर यांनी हे सगळं शरयूला नीट समजावून सांगितलं. शरयू ऐकून घेऊन म्हणाली, "आमच्या घरी एक बाई असतात. त्यांनी जन्मभर असली मशीनं दुरुस्त केलीत."

त्या बाई म्हणजे वैजयंती, शरयूच्या सख्ख्या भावाची बायको.

नव्याण्णव साली तो भाऊ, अच्युत, गेला. तो मिरजेच्या घरात शेवटचे दिवस मोजत होता, तेव्हा वैजयंती रायपूरजवळच्या सिमेंट कारखान्यात एका बंद पडलेल्या वर्कस्टेशनसमोर बसली होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपून एक दिवस झाला होता. उशाशी होती ती शरयू. त्या दिवसापासून चाळीस वर्षं दोघी एकाच घरात राहिल्या, आणि चाळीस वर्षांत शरयूनं तिला एकदाही वहिनी म्हणून हाक मारली नाही. भांडण असं कधी झालं नाही. "पोळ्या झाल्यात." "गॅसवाला येऊन गेला." समोरचं माणूस वाक्यात येणारच नाही, अशा बेतानं ती बोलायची. वैजयंतीनंही कधी कारण विचारलं नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, असं ती धरून चालली होती.

आता ती त्र्याहत्तर वर्षांची होती. गुडघे गेले होते, डोळ्यांत दुसऱ्यांदा भिंग बसलं होतं. तरी डॉ. मुजावरांनी त्या मशीनच्या डिस्कची नक्कल तिच्या हातात दिली, तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. मशीन तर आता उभं राहणार नव्हतं. त्याचं सोंग उभं करायचं होतं. म्हणजे एम्युलेटर.

प्रोसेसरला पडदा दिसत नाही, कळफलक कळत नाही. त्याच्या लेखी जग म्हणजे आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. अमुक आकड्याच्या पत्त्यावर काही लिहिलं की पडद्यावर ठिपका उमटतो. तमुक पत्त्यावरून वाचलं की घड्याळातली वेळ मिळते. त्या पत्त्यावर खरोखर कोण बसलंय, हे प्रोसेसर कधीच बघत नाही. उत्तर आलं की त्याचं समाधान होतं. म्हणूनच नव्या मशीनला जुन्याचं सोंग घेता येतं. प्रत्येक पत्त्यावर, मशीनमध्ये खोचलेल्या खऱ्या कार्डाऐवजी प्रोग्रॅमचा एक तुकडा बसवायचा आणि विचारलं की खऱ्यासारखंच उत्तर द्यायचं, एवढं शिकवायचं.

ते पत्ते वैजयंतीला अजून पाठ होते. जुने लोक शेजाऱ्यांचे फोन नंबर पाठ ठेवत, तसे. कळफलक कुठे, डिस्क कुठे, बाहेरची उपकरणं जोडायचे दोन सिरियल पोर्ट कुठे. आणि घड्याळाची ती काळी चिप, जिच्या पोटातच बॅटरी असायची. दहा वर्षांनी बॅटरी संपली की मशीन वेळ तर विसरायचंच, स्वतःचा ओळख-क्रमांकही विसरायचं, आणि सकाळी कुणी ऑफिसात येऊन बटण दाबलं की आपण कोण हेच त्याला सांगता येत नसे. अशा चिपा बिस्किटांच्या डब्यात घालून ती गावोगाव हिंडली होती. बेळगाव, इचलकरंजी, कोरबा, रायपूर. बाईमाणूस मशीन उघडणार म्हटल्यावर कारखान्यातले लोक चहा हातात घेऊन बघायला उभे राहायचे. मग मशीन चालू झालं की चहा तिला द्यायचे.

जुलैभर ती रोज सकाळी बसायची. एकेक पत्ता, एकेक सोंग. अडचण एकाच ठिकाणी होती. जुळवणीचा प्रोग्रॅम सुरू होताना बऱ्याच पत्त्यांवर दार वाजवून बघायचा, कुठलं कार्ड बसवलंय आणि कुठलं नाही याचा अंदाज घ्यायचा. खऱ्या मशीनमध्ये रिकाम्या पत्त्यावरून कुणीच उत्तर देत नाही. मशीन काही मायक्रोसेकंद वाट बघतं आणि मग प्रोसेसरला कळवतं की तिथं कुणी नाही. हा बिघाड नव्हे, हीसुद्धा माहितीच असते. वैजयंतीचा एम्युलेटर मात्र अनोळखी पत्ता आला की थांबून जायचा, आणि तिला तो पत्ता कुणाचा हे जुन्या पुस्तिकांमधून हुडकावं लागायचं.

अकरा पत्ते उरले. पुस्तिका संपल्या. तोवर शरयूला स्वतःच्या हातानं घास घेता येईनासा झाला होता. वैजयंती चमच्यानं भरवायची आणि शरयू खिडकीकडे बघत तोंड उघडायची. कन्याशाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेली बाई. फळ्यावर एका दमात गोल काढायची, तो मोजून बघा म्हणायची. एका दुपारी भात तिच्या पदरावर सांडला. वैजयंतीनं तो पुसला, मशीनसमोर येऊन बसली आणि एक ओळ लिहिली: पत्ता अनोळखी असला, तर शून्य असं उत्तर दे.

असं सगळेच करतात. आधी चालू तर होऊ दे, मग एकेक बघू. अनोळखी पत्त्यांची नोंद फाईलमध्ये होऊन ती इस्पितळातूनही आपल्याकडे येत राहील अशी सोय तिनं केली, आणि प्रोग्रॅम सुरू झाला. नंतर ती फाईल बघायचं राहून गेलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इस्पितळात जुळवणी झाली. डॉक्टरांनी शरयूच्या गळ्याजवळ, डबीला आकडे पोचवणारी चकती धरली, पडद्यावर आकडे हलले. कंपवाताच्या पेशंटला कागदावर चकली काढायला सांगतात; आतून बाहेर, पेन न उचलता. शरयूनं काढली. मग डॉक्टरांनी थांबा म्हणेपर्यंत ती काढतच राहिली, कागदाच्या कडेपर्यंत. डॉ. मुजावरांनी तो कागद फाईलला न लावता आपल्या पर्समध्ये ठेवला. मध्ये फार खंड पडलाय, तेव्हा दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी जुळवणी करू, असं त्या म्हणाल्या.

तिसऱ्या जुळवणीनंतरची सकाळ. वैजयंती तोंड पुसत मोरीतून बाहेर येत होती.

"वहिनी, आज थालीपीठ लावू का?"

वैजयंती टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. मग लाव म्हणाली, आणि पुन्हा आत जाऊन दुसऱ्यांदा तोंड धुतलं.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी पाहुणं आल्यासारखे गेले. शरयू पहाटे उठायची, गुणगुणायची, जुन्या विद्यार्थिनींना फोन लावायची. सतारमेकर गल्लीतून फिरून यायची आणि कुठल्या दुकानात तार लावताना काय वाजत होतं ते सांगायची. वैजयंती गप्प बसली की म्हणायची, "वहिनी, जरा हसा. तुमच्या तोंडाकडे बघून दूध नासायचं." कपाटातल्या चांगल्या साड्या काढून तिनं जिन्यावरच्या बायकांना वाटल्या. शेजारचे वृद्ध गृहस्थ वारले तेव्हा भेटायला गेली आणि तिथं काहीतरी आठवून खुदकन हसली. वैजयंतीच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. पण इतक्या वर्षांनी घरात तिला मारलेली हाक ऐकू येत होती, आणि माणूस म्हातारपणी थोडं बदलायचंच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पाचवी जुळवणी झाली. ऑक्टोबरची दुपार होती. दोघी मेथी निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, एक गंमत सांगू?" शरयू म्हणाली. "रायपूरच्या कारखान्याचा नंबर माझ्याकडे होता. दादानं सोमवारी सकाळीच सांगितलं होतं, वैजूला बोलावून घे. मी म्हटलं, फोन लावतेय पण लागत नाही. लावलाच नव्हता." ती हसली, आणि देठं बाजूला टाकत राहिली. "तुमच्या आधी तो माझा होता ना."

वैजयंती उठली. हात धुतले. कुठे जावं कळेना म्हणून मशीनसमोर येऊन बसली. सोमवार सकाळ. अच्युत बुधवारी दुपारी गेला. रायपूरहून सोमवारी निघाली असती तर बुधवारी सकाळी घरात असती. चाळीस वर्षं ती या घरात गुन्हेगारासारखी वावरली होती, आणि गुन्हा आत मेथी निवडत गुणगुणत होता.

राग होताच, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. हे हसणं शरयूचं नव्हतं. शरयू हसायची तेव्हा आधी तोंडावर हात न्यायची. आणि अशी गोष्ट हसत सांगणारं माणूस शुद्धीवर असतं का? डोक्यात जाणारी वीज तर चुकत नाही ना, म्हणून बघायची राहिलेली ती फाईल तिनं उघडली.

अकरा अनोळखी पत्ते. दहा पत्त्यांवर प्रोग्रॅमनं एकेकदा दार वाजवलं होतं आणि पुढे गेला होता. अकराव्या पत्त्यावर तो चाळीस हजारांहून जास्त वेळा गेला होता.

तेव्हा तिला ते कार्ड आठवलं. कडेला हिरवी पट्टी असलेलं, मोजणीचं कार्ड. कंपनीच्या पुण्याच्या केंद्रातल्या मशीनमध्ये होतं, मिरजेला कधीच बसवलेलं नव्हतं. मेंदूत प्रत्यक्षात किती वीज पोचते हे ते कार्ड मोजायचं. कार्ड नसेल तर प्रोग्रॅम डॉक्टरांना आकडा हातानं भरायला सांगायचा. पण इथं रिकाम्या पत्त्यावरून उत्तर आलं होतं. शून्य. त्या कार्डाच्या भाषेत सुरुवातीच्या शून्याचा अर्थ होता, मी हजर आहे आणि माझी काही तक्रार नाही. मग प्रोग्रॅमनं विचारलं, किती वीज पोचतेय? पुन्हा शून्य. पोचत नाही म्हणून त्यानं थोडी वाढवली. पुन्हा विचारलं, पुन्हा वाढवली. पडद्यावर मात्र डॉक्टरांनी मागितलेला आकडाच दिसत होता. पाच जुळवण्या, दर वेळी थोडी थोडी.

तिनं कागदावर हिशेब मांडला. जवळजवळ दुप्पट.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. दुरुस्ती तिला येत होती. आणखीही एक गोष्ट येत होती. अकराव्या पत्त्यावर मोजणीच्या कार्डाचं सोंग बसवायचं आणि त्याला सांगायचं, पुरेशी पोचतेय म्हण. वीज वाढणार नाही, कमी होणार नाही. हात स्थिर राहील, सकाळी थालीपीठ लावू का म्हणून हाक येईल, डॉक्टरांना कधी कळणार नाही. तारेच्या टोकाभोवतीचा मेंदू हळूहळू करपत जाईल. पण किती वर्षांत, हे कोण सांगणार? त्याखाली आणखी एक विचार होता. वाढतेय तर वाढू दे. त्या विचाराकडे तिनं फार वेळ बघितलं नाही, पण तो तिथं होता.

तिसऱ्या दिवशी ती शरयूसमोर जाऊन बसली.

"शरयू, तुझ्या डोक्यात दुप्पट वीज जातेय. चूक माझी आहे."

"मग चांगली चूक केलीत. राहू दे की."

वैजयंतीनं सगळं सांगितलं. कार्ड, शून्य, तारेचं टोक, पुढेमागे बिघडणारा तोल आणि अडखळणारी जीभ. शरयू ऐकत होती, पायानं ताल धरून.

"कमी केलं तर हात हलेल?"

"थोडा हलेल."

"आणि मी?"

"पहिल्यासारखी होशील."

"म्हणजे कडू." शरयू हसली, मग थोडी थांबली. "पण वहिनी, मला कशाला विचारताय? आत्ता उत्तर देतेय ती तुमच्या मशीननं केलेली बाई. ती राहू दे असंच म्हणणार."

"आधीच्या शरयूला विचारलं असतं तर?"

शरयूचा पाय थांबला. तिनं खरंच विचार केला असावा. कपाळावर पूर्वीची ती आठी क्षणभर आली आणि गेली. "ती म्हणाली असती, माझ्या डोक्यात तुमचं काही नको."

दुसऱ्या दिवशी वैजयंती एकटी इस्पितळात गेली आणि डॉ. मुजावरांना सगळं सांगितलं, दोन दिवस गप्प राहिल्याचंसुद्धा. समीना मुजावर खुर्चीत बसल्या. त्यांच्या टेबलावर एकोणीस नावांची यादी होती. कराड, कोल्हापूर, बेळगाव. पुढच्या सोमवारपासून त्या सगळ्यांना याच एम्युलेटरवर घ्यायचं ठरलं होतं. त्या रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "मावशी, पेशंट आनंदात आहे म्हणून मीही जास्त विचारलं नाही." मग यादी उलटी करून ठेवली.

वैजयंतीनं ती ओळ खोडून दुसरी लिहिली. पत्ता अनोळखी असला तर इथं कुणी नाही असं कळव. एवढंच काम होतं. जेमतेम पाच मिनिटांचं. तपासायला मात्र तिनं आठ दिवस घेतले, आणि अकराच्या अकरा पत्त्यांवर स्वतः दार वाजवून बघितलं.

शरयूला खाली आणायला दीड तास लागला. वेगळ्या उपकरणानं मोजत, एकेक पायरी. सुरुवातीला ती डॉक्टरांशी त्यांच्या कानातल्यांबद्दल बोलत होती. मग वाक्यं तुटक झाली. जत्रा उठताना एकेक दुकान आवरत जावं, तसा तिचा चेहरा रिकामा होत गेला. शेवटी तिनं चकली काढली. रेघ कुठे सुटली नाही, पण तिला काटे आले होते. हे चालण्यासारखं आहे, घास घेता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. शरयूनं मान हलवली आणि पेन जपून टेबलावर ठेवलं.

रिक्षात ती बाहेर बघत होती. घरी आल्यावर चप्पल काढली, हात-पाय धुतले, जेवणाच्या टेबलाशी बसली. वैजयंतीनं पानं घेतली नाहीत. ती समोर बसली. इतक्या दिवसांत तिनं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. या बाईचं डोकं ताळ्यावर आलं की ऐकवायची वाक्यं, एकाहून एक धारदार.

शरयूच बोलली. प्रत्येक शब्दापाशी थांबत, टेबलाकडे बघत.

"मी बोलले ते मला आठवतंय. हसत बोलले, ते चुकलं. बाकीचं खरं आहे. मी फोन लावला नाही." तिनं टेबलावरचा तांब्या जवळ ओढला. "तो दोन दिवस दाराकडे बघत होता. मी त्याला सांगत होते, येतील. त्यानंतर तुम्हाला हाक मारायला तोंड उघडायचं म्हटलं की ते दार आठवायचं."

वैजयंतीला पहिलं वाक्य आठवत होतं. ते तिनं उच्चारायला घेतलं, आणि भलतंच बाहेर आलं.

"रायपूरला आमच्या ऑफिसातला बर्वे जाणार होता."

शरयूनं वर बघितलं.

"तिकीट त्याच्या नावाचं निघालं होतं. मी साहेबांकडे जाऊन मागून घेतलं. घरात अच्युतचा श्वास ऐकवत नव्हता मला. मशीन दोन दिवसांत दुरुस्त झालं होतं, शरयू. मी तिथं आणखी तीन दिवस उगाच बसले. दुसरं मशीन बघते म्हटलं, तिसरं बघते म्हटलं." तिला दम लागला. "तू फोन केला असतास तरी मी लगेच निघाले असते की नाही, मला खरंच माहीत नाही. चाळीस वर्षं झाली, मी ठरवू शकलेले नाही."

शरयूनं तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतलं आणि पेला टेबलावरून वैजयंतीकडे सरकवला. हात हलत होता. निम्मं पाणी वाटेत सांडलं, टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकू लागलं. दोघींपैकी कुणीच पुसायला उठलं नाही.